गाडीचं इंजिन विमानाला बसवताना

मिरकरवाडा, हर्णै किंवा देवगडच्या बंदरात लागलेल्या ट्रॉलरच्या इंजिनखणात डोकावलं, तर पुष्कळदा ओळखीचं धूड दिसतं: घाट चढणाऱ्या ट्रकमध्ये असतं त्याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं डिझेल. पण ते ट्रकमधून उचललं, बोटीत ठेवलं आणि चालू केलं, असं होत नाही. पुढचा रेडिएटर जातो आणि समुद्राच्या पाण्याने थंड होणारा हीट एक्स्चेंजर येतो. ट्रकचा गिअरबॉक्स जातो आणि रिव्हर्स-रिडक्शन गिअर येतो, कारण इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतं आणि पाण्यातल्या मोठ्या पंख्याला पाचसहाशेच हवे असतात. पंखा बोटीला ढकलतो तो रेटा क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, येऊ नये म्हणून वेगळं थ्रस्ट बेअरिंग लागतं. आणि समुद्रात इंजिन बंद पडलं, तर जाणता तांडेल आधी पिस्टनचा विचार करत नाही. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, कपलिंगचं रबर, डिझेलमध्ये आलेलं पाणी, बॅटरीची वायर, इथे त्याचा हात आधी जातो.

घरी बांधलेल्या छोट्या विमानाला गाडीचं इंजिन बसवणं हे याच जातीचं काम आहे. गाडीचं इंजिन म्हणून ते चांगलं असतं. आजच्या कारखान्यातून निघणारा ब्लॉक, पिस्टन, व्हॉल्व्ह यांचा दर्जा फार वरचा आहे. विमान खाली आणतं ते त्या इंजिनाभोवती आपण जोडलेलं सामान: गिअर, रेडिएटर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग. म्हणून या लेखात इंजिनापेक्षा त्या सामानावरच जास्त बोलणार आहोत. विमानाच्या प्रोपेलरला इथे बोटीसारखं ‘पंखा’च म्हणू.

हे वेड जुनं आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९च्या सुमाराला फोर्डच्या मॉडेल ए गाडीचं ४० एचपीचं इंजिन आपल्या ‘एअर कॅम्पर’ या लाकडी विमानाला बसवलं. त्या आराखड्यावरून लोक आजही विमानं बांधतात. पुढे फोक्सवॅगन बीटलचं हवेवर थंड होणारं इंजिन आलं, मग शेव्हरोले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं, मग सुबारू, माझदाचं रोटरी, होंडा आणि सुझुकी. सुझुकीचं तीन सिलिंडरचं ९९३ सीसीचं जी-१० अगदी हलक्या विमानांवर बरंच उडालं आहे. आपल्याकडच्या मारुती जिप्सी आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं जी-१३ हे त्याचं थोरलं भावंड. उदाहरणासाठी पुढे हेच जी-१३ धरू, कारण कोकणातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने ते कधी ना कधी उघडलेलं असतं.

८० एचपी कुठे जातात

जिप्सीच्या या इंजिनाच्या कागदावर ८० एचपी लिहिलेलं असतं. पण ते ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना. टॉर्क सुमारे १०३ न्यूटन-मीटर, ४५०० आरपीएमला. हिशेब सोपा आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२०, म्हणजे एचपी. ४५००ला हे इंजिन ६५ एचपी देतं. २७००ला टॉर्क ९५ धरला, तर ३६ एचपीच मिळतात.

आता पंखा पाहा. हलक्या विमानाचा पंखा साधारण १.७ मीटर व्यासाचा. एका फेऱ्यात त्याचं टोक ५.३४ मीटर जातं. ५५०० आरपीएमला थेट क्रँकवर लावला, तर टोकाचा वेग सेकंदाला ४९० मीटर होईल. तीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सुमारे ३५० मीटर. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पंखा हवा ढकलणं सोडून नुसता किंचाळतो आणि ताकद वाया जाते. तेच २५०० आरपीएमला टोकाचा वेग २२२ मीटर येतो, आणि तो उत्तम. म्हणजे इंजिनाला ५५०० हवेत आणि पंख्याला २५००. मधे २.२ ला १ असा रिडक्शन गिअर आलाच.

विमानासाठीच बनवलेलं लायकमिंग ओ-३२० हे इंजिन ५.२ लिटरचं असून १५०-१६० एचपीच देतं, हे ऐकून गाडीवाल्यांना नवल वाटतं. पण ते एचपी २७०० आरपीएमला मिळतात, पंखा थेट क्रँकवर बसतो, मधे एकही दात नाही. ते मोठं, सुस्त आणि जुन्या वळणाचं दिसतं त्यामागे हे कारण आहे. बीटलचं इंजिन २१८० सीसीपर्यंत वाढवून ३४०० आरपीएमला ८० एचपीच्या आसपास काढतात आणि पंखा थेट लावतात. मात्र त्यासाठी पंखा १.४ मीटरच्या आसपास छोटा ठेवावा लागतो. छोट्या, निमुळत्या, वेगवान विमानाला तो चालतो. मोठ्या पंखांच्या, संथ विमानाला चढताना तो कमी पडतो.

दुसरी गोष्ट सततच्या भाराची. मुंबई-गोवा रस्त्यावर सपाटीला ९० ते १०० वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीला १५-२० एचपी पुरतात. पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेकच्या दहा सेकंदांत. विमान उडताना आणि चढताना पाच-दहा मिनिटं पूर्ण ताकद मागतं, आणि नंतर तासन् तास ६५ ते ७५ टक्के. भरल्या गाडीने आंबा घाट सलग तीन तास चढत राहावा, तसं हे. म्हणून आमच्या मते या ८० एचपीच्या इंजिनाकडून ६५ एचपीच धरावे आणि प्रवासात ५०च्या आत राहावं. विमान ८० एचपीवर बेतलेलं असेल, तर हे इंजिन त्याच्यासाठी नाही.

गिअर, आणि ओटीवरचा झोपाळा

गाडीच्या इंजिनाने बांधलेल्या विमानांत सर्वांत जास्त डोकं या भागाने खाल्लं आहे, तेव्हा इथे थांबू.

इंजिन क्रँकला सतत सारखं फिरवत नाही. ते ठोसे मारतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोसे, तीन सिलिंडरच्यात दीड. प्रत्येक ठोशाला क्रँक किंचित पिळली जाते आणि परत सुटते. गाडीत हे पीळ क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, लांबलचक शाफ्ट आणि शेवटी टायरचं रबर गिळून टाकतात. विमानात दुसऱ्या टोकाला असतो पंखा, म्हणजे एक जड, ताठ चाक. तो आपला वेग चटकन बदलायला तयार नसतो. इंजिन पुढे ढकलतं, पंखा अडवतो, मधल्या मधे गिअरचे दात मार खातात.

ओटीवरच्या झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत बोटाने टिचकी मारत राहिलं, तरी तो कड्या वाजेपर्यंत वर जातो. इंजिन, गिअर आणि पंखा मिळूनही असा एक झोपाळा होतो, पिळाचा. त्याची लय आणि इंजिनाच्या ठोशांची लय जुळली की दातांवर येणारा झटका सरासरी टॉर्कच्या कित्येक पट होतो, आणि क्षणभर उलट दिशेलाही येतो. असं इंजिन बाहेरून फक्त थोडं खडखडताना ऐकू येतं. दात तुटतो तो नंतर, हवेत.

उपाय म्हणजे झोपाळ्याची लय मुद्दाम खाली आणायची. इंजिन आणि गिअरच्या मधे योग्य मऊपणाचं रबरी कपलिंग घातलं की ती लय आयडलच्याही, म्हणजे थ्रॉटल मिटल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याच्याही, खाली जाते. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना एखाद्या सेकंदात ती ओलांडली जाते, आणि काम भागतं. म्हणूनच आयडल गाडीसारखा ८००-९०० वर ठेवायचा नाही. गिअर बनवणारा सांगेल तो ठेवायचा, बहुधा १४०० ते १८००. फ्लायव्हील ‘वजन वाचतंय’ म्हणून काढून टाकायचं नाही. तेही याच हिशेबात धरलेलं असतं. आणि पंखा लाकडी किंवा हलक्या कंपोझिटचाच लावायचा. धातूचा जड पंखा हा सगळा हिशेब मोडतो. गिअर बनवणारा पंख्याच्या जडत्वाची वरची मर्यादा देतो. ती पाहिल्याशिवाय पंखा विकत घेऊ नका.

दातेरी पट्ट्याचा रिडक्शनही चालतो आणि तो स्वस्त पडतो. त्याला तेल लागत नाही, झटके तो थोडे पचवतो. पण पट्टा जबर ताणावा लागतो, आणि तो ताण क्रँकला एका बाजूला ओढत राहतो. गाडीच्या क्रँकचं पुढचं किंवा मागचं बेअरिंग यासाठी बनवलेलंच नसतं. तेव्हा खालच्या पुलीला बाहेरच्या बाजूने स्वतःचं बेअरिंग आणि जाड प्लेट हवीच.

पंखा थेट क्रँकवर लावणाऱ्यांनी आणखी एक बळ लक्षात घ्यावं. फिरतं चाक हातात धरून वळवून पाहा, ते भलत्याच दिशेला झटका देतं. विमानाने नाक वर-खाली किंवा डावी-उजवीकडे केलं की पंखा असाच क्रँकला वाकवू पाहतो. कॉर्व्हेअर इंजिनांच्या क्रँक पंख्याच्या बाजूला तडकू लागल्या, काही हवेत तुटल्या. त्यानंतर चार मुख्य बेअरिंगांच्या त्या इंजिनाला पंख्याजवळ पाचवं बेअरिंग जोडण्याची पद्धत पडली. बोटवाल्यांना थ्रस्ट बेअरिंग शिकवावं लागत नाही. हे त्याचंच चुलतभावंड.

घरच्या लेथवर रिडक्शन गिअर बनवण्याचा मोह होतो. कोकणात हाताने जादू करणारे टर्नर आहेत, हेही खरं. तरीही आमचं स्पष्ट मत आहे की हा भाग घरी बनवू नये. याच इंजिनावर, याच जातीच्या पंख्यासह शेकडो तास उडालेला तयार गिअर घ्यावा. मर्सिडीजच्या ए-क्लास गाडीच्या डिझेलवरून जर्मनीत बनलेलं थीलर्टचं १.७ लिटरचं विमान-इंजिन रीतसर प्रमाणित होतं, कारखान्यात बनत होतं. तरी त्याच्या १.६९ ला १ गिअरबॉक्सला दर ३०० तासांनी तपासणी लागत असे.

रेडिएटर

पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ तिसरा भाग पंख्यापर्यंत पोचतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यात आणि तेलात उतरतो. म्हणजे ६५ एचपी काढत असताना पाण्यातून आणि तेलातून ४५-५० किलोवॅट उष्णता बाहेर काढायची आहे. घरातले दोन किलोवॅटचे चोवीस गीझर एकदम चालू आहेत असं समजा.

इथे कोकणाचं हवामान आडवं येतं. समजा, पाणी १०५ अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही. पंधरा अंशाच्या थंड देशात पाणी आणि हवा यांत ९० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात रत्नागिरीला ३५ अंशांत ७०च. तोच रेडिएटर इथे २२ टक्के कमी उष्णता टाकतो. परदेशातल्या कुणी ‘मला हा रेडिएटर पुरला’ असं म्हटलं, तर त्याने कुठल्या महिन्यात म्हटलं ते आधी पाहावं.

रेडिएटर मोठा करण्यापेक्षा त्यात हवा नीट नेणं जास्त महत्त्वाचं असतं. नुसता तोंडावर टांगलेला रेडिएटर वाऱ्याला भिंतीसारखा वाटतो आणि हवा बाजूने निघून जाते. तोंड लहान ठेवा, कोअरच्या (रेडिएटरच्या जाळीच्या) क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश. तिथून हळूहळू रुंदावत जाणारा पत्र्याचा किंवा फायबरचा बोगदा कोअरपर्यंत आणा. रुंदावताना हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो, आणि तोच दाब तिला जाळीतून ढकलतो. कडेच्या प्रत्येक फटीत सिलिकॉन रबर भरा, कारण बोटभर फटीतून बरीच हवा पळते. बाहेर जायची वाट आत यायच्या तोंडापेक्षा मोठी हवी, कारण तापलेली हवा फुगते. जमिनीवर हळू फिरताना यातून वारा फारसा येत नाही, म्हणून एक विजेचा पंखा लागतोच.

पाणी उकळण्याची गोष्ट गाडीवाले विसरतात. दहा हजार फुटांवर साधं पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण एक बारच्या आसपास दाब धरतं म्हणून आपण तरतो. ते झाकण नवं घ्या आणि दरवर्षी बदला. एक्स्पान्शन टाकी सगळ्या नळ्यांपेक्षा उंचावर बसवा आणि इंजिनाच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून तिच्याकडे बारीक नळी न्या, म्हणजे अडकलेली हवा आपोआप वर निघते. विमान शेपटीवर टेकून उभं राहणारं असेल, तर सर्वांत उंच कोपरा जमिनीवर वेगळा आणि हवेत वेगळा असतो, हे ध्यानात घ्या.

इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणू नका. कूलंट गंज थांबवतो. विहिरीचं पाणी अजिबात नको. डिस्टिल्ड पाण्यात ४० ते ५० टक्के कूलंट घ्या.

आणि एक जीव वाचवणारी बारीक गोष्ट. नळी फुटून पाणी गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, आणि कोरडा सेन्सर बऱ्याचदा कमी तापमान दाखवतो. काटा खाली, इंजिन जळतंय. म्हणून तापमानाच्या काट्याबरोबर कूलंटच्या दाबाचाही काटा किंवा लाल दिवा लावा. दाब गेला की लगेच कळतं आणि उतरायला दोन-चार मिनिटं मिळतात.

पेट्रोल, आणि त्यातलं इथेनॉल

या इंजिनाला प्रवासात तासाला साधारण १४ लिटर आणि पूर्ण ताकदीला १९ लिटर पेट्रोल लागेल. नियम असा की पंपाने जाणाऱ्या पेट्रोलचा प्रवाह जास्तीत जास्त गरजेच्या १२५ टक्के हवा, नुसत्या उतारावर जाणारा असेल तर १५० टक्के. म्हणजे तासाला २४ लिटर, मिनिटाला ४०० मिलिलिटर. हे कागदावर ठेवू नका, मोजा. विमानाचं नाक चढताना असतं तेवढं उंच करा, टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल ठेवा, एक पंप बंद करून दुसरा एकटा चालवा. इंजेक्शनचं इंजिन असेल, तर ते बंद ठेवून रेग्युलेटरमधून तीन बार दाबावर परत येणारं पेट्रोल मोजपात्रात घ्या. तेवढं इंजिनाला उपलब्ध असतं. मग हेच दुसऱ्या पंपावर करा. गाडीचा धडधाकट पंप ४००च्या कितीतरी वर देतो. कमी आलं तर दोष पंपाच्या आधी शोधा: फिल्टर, दुमडलेली नळी, टाकीचं बुजलेलं हवेचं भोक. त्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, विशेषतः महिनाभर विमान उभं असेल तर. भोकाला बारीक जाळी लावा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जमिनीवरच्या गाडीला ते चालून जातं, विमानात त्याचे तीन त्रास. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली किंवा पेट्रोल थंड झालं, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर साचतो, आणि इंजिनाची नळी तळाशीच असते. श्रावणातल्या किनाऱ्यावर अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवणं म्हणजे याला आमंत्रण. दुसरं, काही जुनी रबरं, सीलंट आणि फायबरच्या टाकीतली काही रेझिनं इथेनॉलने मऊ होतात. त्यांचा चिकट गाळ फिल्टर बंद करतो. टाकी बांधण्याआधी त्याच रेझिनचा तुकडा आणि त्याच नळीचा तुकडा पेट्रोलच्या बरणीत महिनाभर बुडवून ठेवा. फुगला, चिकटला, रंग सोडला, तर ते सामान बाद. तिसरं, गरम इंजिनखणात पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते. म्हणून पंप टाकीजवळ, खाली बसवा. पंपाला ढकलता छान येतं, ओढता येत नाही. नळ्या सायलेन्सरपासून दूर न्या, आगरोधक आवरण घाला, आणि उन्हात उभं करून परत निघताना इंजिन सुरू करण्याआधी मिनिटभर पंप चालवून गरम पेट्रोल टाकीत परत फिरवा. मात्र परतीची नळी ज्या टाकीतून पेट्रोल येतं त्याच टाकीत जायला हवी. नाहीतर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी भरून हवेच्या भोकातून सांडते.

इथेनॉल किती आहे ते घरी कळतं. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल, हलवा, थांबा. खालचा थर १०वरून २८च्या आसपास गेला, तर ते २० टक्क्यांचं.

कार्बोरेटर ठेवणार असाल, तर बर्फाची भीती खरी आहे, आणि ती कोकणात जास्त आहे. पेट्रोलची वाफ होताना आणि कार्बोरेटरच्या गळ्यात हवेचा दाब उतरताना आतली हवा वीस अंशांहूनही अधिक थंड होऊ शकते. बाहेर २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना, उतरताना थ्रॉटल मिटलेला असेल, तर आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. धुराच्या पाइपावरून गरम हवा घेणारी झडप लावा आणि उतरायला लागण्याआधी ती उघडा. इंजेक्शनच्या इंजिनात हा त्रास जवळपास नाही.

वीज गेली की सगळं गेलं

विमानाच्या जुन्या वळणाच्या इंजिनात दोन मॅग्नेटो असतात, स्पार्कची वीज ते स्वतःच फिरून बनवतात. बॅटरी मेली तरी स्पार्क चालू राहतो. गाडीच्या इंजेक्शन इंजिनाला पंप, इंजेक्टर, कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) मिळून १२ ते १५ अँपिअर सतत लागतात. अल्टरनेटर गेला, तर १८ अँपिअर-तासाची बॅटरी नवी असताना पाऊण तास ओढेल. हिशेब अर्ध्या तासाचाच करा.

मार्च २००७मध्ये जर्मनीतल्या स्पायर इथे वर सांगितलेल्याच थीलर्ट इंजिनांचं दोन इंजिनांचं एक डायमंड डीए-४२ विमान उडालं. त्याची बॅटरी उतरलेली होती, इंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू केली होती. उडाल्यावर चाकं आत घेताना मोटरने वीज ओढली, व्होल्टेज क्षणभर कोसळलं, दोन्ही इंजिनांचे ईसीयू रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. इंजिनांत काहीच दोष नव्हता.

म्हणून इंजिनाची वीज बाकीच्या विमानापासून वेगळी ठेवा. दोन बॅटऱ्या, मधे डायोड, दोन पंपांना दोन वेगळे फ्यूज, आणि एका स्विचने दुसऱ्या बॅटरीवर जाता आलं पाहिजे. गाडीचा मूळ ईसीयू वापरू नका. तो चाकांचा वेग, इमोबिलायझरची चिप, ब्रेकचा सिग्नल शोधत बसतो, आणि ते सापडलं नाही की इंजिन वाचवायला ताकद कापतो. गाडी रस्त्याच्या कडेला लागते, विमानाला कडा नसते. सुटा, प्रोग्राम करता येणारा ईसीयू घ्या, जमल्यास दोन.

खाऱ्या हवेत सर्वांत आधी मरतात ते जोड. टिनचा मुलामा दिलेली वायर, रबरी सीलचे कनेक्टर, पक्क्या क्रिंपा. इंजिनापासून बॅटरीपर्यंत अर्थची जाड पट्टी एक नाही, दोन. मीठ पांढरं दिसतं, तांब्याचा गंज हिरवा. दोन्हीपैकी काहीही दिसलं की तो जोड कापून नवा करा. बीटलचं इंजिन निवडलं असेल तर आणखी सावध राहा, त्याचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि समुद्राची हवा त्याला कुरतडते.

जोडणी आणि चाचणी

भंगारातलं इंजिन घेताना अपघातातल्या गाडीचं घेऊ नका. पूर्ण खोला. क्रँकची चुंबकीय क्रॅक टेस्ट करून घ्या. रिंगा, बेअरिंग, सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, टेन्शनर सगळं नवं आणि कंपनीचं. एसी, पॉवर स्टिअरिंग, कॅटॅलिटिक काढा. टर्बो असलेलं इंजिन पहिल्या विमानाला नको. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या आगभिंतीला ०.४ मिलिमीटर स्टेनलेसचा पत्रा, आणि त्यातलं प्रत्येक भोक बंद. इंजिन ज्यावर बसतं ती चौकट क्रोमोली पोलादाच्या नळीची.

मग पाणी, तेल, रेडिएटर, बॅटरीसकट सगळं तोला. नुसत्या इंजिनाचं वजन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाचशे किलोच्या विमानात नाकाशी, गुरुत्वमध्यापासून एक मीटर पुढे, २० किलो जास्त झाले, तर गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर पुढे सरकतो. बऱ्याच छोट्या विमानांत त्याची सगळी मुभाच दीडदोनशे मिलिमीटरची असते.

उडण्याआधी इंजिन जमिनीवर पक्क्या बांधलेल्या स्टँडवर, त्याच गिअर आणि पंख्यासह ५० तास चालवा. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहणार नाही अशी जाळी लावा. पहिल्या तासात ताकद वर-खाली करत राहा, पाच तासांनी तेल बदला, नंतर एक-दोन तासांचे सलग टप्पे ७५ टक्क्यांवर आणि प्रत्येक टप्प्यात दहा मिनिटं पूर्ण ताकद. हे मे महिन्यातल्या दुपारी करा. तेल बदलताना फिल्टर कापा, कागद उलगडून उन्हात पाहा. बारीक चकाकणारी धूळ सुरुवातीला दिसेल. चिमटीत धरता येईल असा तुकडा दिसला, तर इंजिन परत खोला. गिअरच्या बोल्टांभोवती तपकिरी पूड दिसली, तर तिथे धातूवर धातू घासतोय. कपलिंगखाली काळं रबरी पीठ साचलं, तर झोपाळा अजून हलतोय.

लाकडी पंख्याचे बोल्ट पहिल्या तासानंतर, मग दर २५ तासांनी आणि पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना टॉर्क रेंचने तपासा. पावसात लाकूड फुगतं आणि बोल्टखाली चेपतं. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात ते आकसतं आणि तेच बोल्ट सैल पडतात.

पावसाळ्यात विमान उभंच राहणार असेल, तर ‘आठवड्यातून पाच मिनिटं चालवून ठेवतो’ हा वाईट उपाय आहे. एवढ्यात तेल तापत नाही, आणि आत जमलेलं पाणी तिथेच राहतं. गरम इंजिनातून तेल बदला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारा, प्लगच्या भोकांत सिलिका जेलच्या डब्या लावा, हवेचं आणि धुराचं तोंड बंद करून त्यावर लाल फडकं बांधा. नंतर पंखा हाताने फिरवू नका, त्याने आतला तेलाचा पापुद्रा पुसला जातो.

परवानगीचा भाग थोडक्यात: भारतात घरी बांधलेलं विमानही डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, नोंदवावं लागतं आणि उडवण्याचा परवाना घ्यावा लागतो. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला नोंदणी २०१७मध्ये आणि परवाना २०१९मध्ये मिळाला. बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक टप्प्याचे फोटो, मोजमापं आणि सामानाची बिलं जपून ठेवा. ती नंतर उभी करता येत नाहीत.

अमेरिकेत अशा, प्रमाणित नसलेल्या इंजिनाच्या विमानाला पहिले साधारण ४० तास, सहसा एकट्याने, ठरलेल्या भागातच उडण्याची पद्धत आहे. कोकणासाठी तो भाग आखताना खालची जमीन पाहा. तीनशे मीटर उंचीवर इंजिन थांबलं, तर असं विमान वारा नसताना पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं, आणि वळण घेतलं की त्यातून आणखी कमी होतात. खाली आंब्याच्या बागा, खाडीच्या कडा, चढउतार. वरून सपाट दिसणाऱ्या सड्यावर गडगे आणि चिऱ्याच्या खाणी निघतात. दक्षिण कोकणात धावपट्ट्या रत्नागिरी आणि चिपी अशा मोजक्याच. म्हणून पहिले दहा तास धावपट्टीच्या डोक्यावरच, तीनशे मीटरच्या वर, घिरट्या घालत काढा. प्रत्येक उड्डाणानंतर झाकणं काढून टॉर्च लावून नळ्यांचे क्लँप, गिअरच्या सीलखालचा तेलाचा थेंब आणि रेडिएटरच्या कोपऱ्यावर वाळलेला कूलंटचा हिरवा डाग शोधा, आणि सापडलेलं सगळं त्याच दिवशी वहीत तारखेसकट लिहा.